हिरवा ठिपका

भाईंचं नाव मी लिहिणार नाही. तेवढा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही. ऑफिसात सगळे त्यांना भाई म्हणायचे, म्हणून इथेही भाईच. माझं नाव तर मुळीच नको. वाचल्यावर कळेल काऊन ते.

चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ एका चपलांच्या दुकानाच्या वर आमचं चार खुर्च्यांचं ऑफिस होतं. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट, गावात कॉम्प्युटर नुकते घरोघर येऊ लागले होते. भातगिरण्या, तेंदूपत्त्याची गोदामं, ट्रकचे वजनकाटे अशा ठिकाणी लागणारे प्रोग्राम आम्ही करून द्यायचो. एका खुर्चीवर सर, म्हणजे आमचे मालक. दुसरीवर मी, नुकताच डिप्लोमा घेऊन आलेली आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. तिसरीवर भाई. चौथी गिऱ्हाइकाची, ती बहुतेक रिकामीच असायची.

भाई मूळचे घड्याळजी. वडिलांची टपरी होती, तिथे तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली. मग सेलवरची स्वस्त घड्याळं आली, बिघडलं की लोक फेकून द्यायला लागले. तेव्हा या गृहस्थानं चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटरच्या क्लासात नाव घातलं. सतरा-सतरा वर्षांची पोरं मागून खिदळायची आणि हे पहिल्या बाकावर शाईच्या पेनानं वहीत प्रोग्राम उतरवून घ्यायचे. ती सवय शेवटपर्यंत राहिली. आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर. भिंगही राहिलं. पट्ट्यानं कपाळावर बांधलेलं असायचं आणि पडद्यावर काही बारीक दिसलं की खाली ओढून डोळ्यावर घ्यायचे. मनगटावर मात्र घड्याळ नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "हलवायाले मिठाई खाताना पाह्यलं का कधी?"

जेवायला बसले की डब्यातली भाजी आधी सगळी संपवायचे. नुसती भाजी. मग कोरड्या पोळ्या. मग भात. पाहून माझं डोकंच फिरायचं. "अहो भाई, लावून खा ना!" तर म्हणायचे, "एक काम होऊ दे, मग दुसरं."

प्रश्नांचंही तसंच. एक प्रश्न विचारला की त्याचं उत्तर येईपर्यंत ते दुसरा विचारायचेच नाहीत. एकदा म्हणाले, "बाई, जेवली का?" मी फोनवर होते, एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. वीस मिनिटांनी फोन ठेवला तर हे माझ्या टेबलाशी तसेच उभे! "जेवले हो भाई," म्हटलं. तेव्हा कुठे पुढचं आलं, "मंग ही चावी घे, मी नमाजले जाऊन येतो." वीस मिनिटं माणूस चावी हातात धरून उभा. सरांना एकदा रजा मागितली, सर उत्तर न देता बाहेर गेले, तर दीड तास दारातच. आम्ही हसून हसून बेजार. मी तर घरी त्यांची नक्कल करून दाखवायचे, आई पदर तोंडाला लावायची. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

त्यांचे प्रोग्रामही त्यांच्यासारखेच होते. प्रोग्राममध्ये टाइमर नावाचा एक गजर असतो. दर दोन सेकंदांनी वाजतो आणि ठरलेलं काम करायला लावतो. भाईंच्या प्रत्येक टाइमरची पहिली ओळ ठरलेली, टाइमर बंद. मग काम. काम पुरं झालं की शेवटची ओळ, टाइमर चालू. हातातलं आटपल्याशिवाय पुढचा गजर वाजायचाच नाही.

"भाई, यानं दोन सेकंदांचे कधी तीन होतात, कधी पाच," मी म्हणायची.

"होऊ दे ना. कोनाची वरात खोळंबली?"

तर हे असं ध्यान. आता गिरणीचं सांगते.

नागभीडजवळ एक उकड्या तांदळाची गिरणी होती. धान भिजवायचं, वाफवायचं आणि मग ड्रायरमध्ये गरम हवेनं वाळवायचं. हवा जास्त तापली की दाणा फुटतो, त्याहून तापली की करपतो. ही हवा सांभाळायचं काम श्रावणभाऊंकडे. बाजूच्या खेड्यातले, घरची थोडी धानाची शेती. पंधरा वर्षं ते पाइपाला हात लावून आणि धानाचा दाणा दातांखाली फोडून ताप ओळखत आले होते. मग गिरणीच्या मालकानं, शेठनं, कॉम्प्युटर घेतला. वर ड्रायरपाशी मीटर, तिथून तार खाली केबिनमध्ये, आणि पडद्यावर तापमानाचा आकडा. प्रोग्राम भाईंचा. दर दोन सेकंदांनी मीटरला विचारायचा, "किती तापलं?" उत्तर आलं की आकडा दाखवायचा. शेठनं श्रावणभाऊंना बजावलं, आता सारखं वर चढायचं नाही, इथे बसायचं आणि पडदा पाहायचा.

एकच अडचण होती. गिरणीच्या हादऱ्यानं मीटरकडची तार ढिली व्हायची. मग मीटर उत्तर देत नसे आणि भाईंचा प्रोग्राम, भाईंसारखाच, उत्तराची वाट पाहत खांबासारखा उभा. पडदा पांढरा व्हायचा, माउस हलायचा नाही. श्रावणभाऊ शिडीवरून वर जायचे, पाइपाला हात लावायचे, तार दाबून बसवायचे आणि खाली यायचे. त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार शेठची. व्यापारी समोर बसलेले असताना कॉम्प्युटर अडकतो, इज्जत जाते म्हणे.

सरांनी ते काम मला दिलं. मी नागपूरला जाऊन नवा कोर्स केला होता. त्यात शिकवलं होतं की उत्तराची वाट पाहत उभं राहायचंच नाही. चहा सांगायचा आणि आपल्या कामाला लागायचं, चहा आला की घ्यायचा. प्रोग्राम मीटरला विचारणार आणि पुढे जाणार, उत्तर येईल तेव्हा आकडा बदलेल. पडदा कधीच अडकणार नाही. याला असिंक्रोनस म्हणतात. हा शब्द मी तेव्हा दिवसातून दहा वेळा उच्चारायची. भाईंची "टाइमर बंद" ओळ मी काढून टाकली. आता टाइमर बरोबर दर दोन सेकंदांनी वाजायचा, आधीचं उत्तर आलेलं असो की नसो. शिवाय माझी स्वतःची कलाकुसर. आकड्याशेजारी एक हिरवा ठिपका, दर दोन सेकंदांनी चमकणारा. प्रोग्राम जिवंत आहे हे दिसावं म्हणून. सरांना तो ठिपका भारी आवडला.

भाईंनी भिंग खाली ओढून ठिपका पाहिला.

"हा काय पाहून चमकते?"

"टाइमर पाहून."

"जवाब पाहून नाई?"

"अहो, जवाब येतोच की दोन सेकंदांत! तुमच्या चावीच्या घड्याळांचा जमाना गेला, भाई."

ते हसले. खरंच हसले, रागावले नाहीत. म्हणाले, "मले एकदा तार काढून दाखव."

"दाखवते," मी म्हटलं.

दाखवली नाही. सरांना घाई होती, मला तर त्याहून. दुसऱ्याच दिवशी मी नागभीडला जाऊन नवा प्रोग्राम बसवून आले. शेठनं पेढे दिले. मी ते ऑफिसात वाटले, भाईंनाही दिला.

दोन महिन्यांनी सकाळी सकाळी शेठचा फोन आला. आदल्या दिवशी दुपारी ड्रायरभर धान करपून काळं झालं होतं, धूर निघाला तेव्हा लोकांना कळलं. शेठचं म्हणणं, श्रावण जेवून झोपला. श्रावणभाऊंचं म्हणणं, मी पडद्यासमोरच होतो, आकडा बरोबर होता, ठिपका चमकून राह्यला होता. सरांनी फोनवर ऐकलेलं आम्हाला सांगितलं आणि "ठिपका चमकत होता" म्हणताच मला सगळं कळलं. तार निघाली होती. मीटर मुकं झालं होतं. शेवटचा आकडा पडद्यावर तसाच राहिला, आणि माझा ठिपका उत्तराशी काही देणंघेणं नसल्यासारखा दर दोन सेकंदांनी सगळं ठीक आहे सांगत बसला. प्रोग्राम अडकला असता तर तो माणूस उठून वर गेला असता. माझ्या प्रोग्रामनं त्याला उठूच दिलं नाही.

त्याच दुपारी मी दहा-बारा ओळी बदलल्या. उत्तर आलं तरच ठिपका हिरवा. नाही आलं तर लाल, आणि आकड्याच्या जागी रेघा. पेनड्राइव्हवर घेतलं, पर्समध्ये टाकलं. कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाई आणि मी गाडीनं नागभीडला गेलो. करपट वास गिरणीच्या फाटकापर्यंत येत होता. श्रावणभाऊ एका बाजूला उभे, दोन दिवसांची दाढी वाढलेली. भाई त्यांना आणि शेठना घेऊन तार पाहायला वर चढले. मी केबिनमध्ये एकटी राहिले. पाच मिनिटांचं काम. जुनी फाइल काढली, नवी टाकली. मी स्वतःला सांगत होते, अगं, चूक दुरुस्त करतेय, दुरुस्तच तर करतेय.

भाई खाली आले ते उत्साहानंच. म्हणाले, "शेठ, तार ढिलीच आहे. आता एक करा. वरून तार काढाले सांगा अन पडद्यावर काय दिसते ते तुमीच पाहा. मंग बोला श्रावणले." त्यांना खात्री होती. ते श्रावणभाऊंना सोडवायला निघाले होते.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडायला किती वेळ लागतो?

वर कोणीतरी तार काढली. ठिपका लाल झाला. आकडा गेला, रेघा आल्या.

"पाहा!" शेठ ओरडले. "एवढा लाल झाला तरी दिसला नाही? झोपला नव्हता तर काय होता?"

श्रावणभाऊ पडद्याजवळ आले. वाकून पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, हे असं नोतं. हिरवं होतं. तुमीच तर बसवलं, तुमाले मालूम आहे ना?"

मी कीबोर्डकडे पाहत राहिले. शेठनं त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं.

परतीच्या गाडीत भाई समोरच्या बाकावर बसले. गाडी हलली तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, फाइल बदलली का?" एवढंच. बाहेर कापणी झालेली धानाची शेतं जात होती. ते माझ्याकडे पाहतही नव्हते, नुसती वाट पाहत होते. मूल स्टेशन आलं, चहावाले ओरडत गेले, गाडी पुन्हा सुटली. तेव्हा मी म्हटलं, "हो."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तू सांगते का शेठले?"

त्याचं उत्तर मी दिलं नाही. चंद्रपूर आलं, आम्ही उतरलो, ते मशिदीकडे गेले, मी घरी. घरातली नोकरी करणारी मी पहिली पोरगी, नोकरी गेली असती तर महिनाभरात माझं लग्न लावून दिलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. कारणं काय, शोधली की सापडतात. दोन दिवस भाई ऑफिसात येऊन आपलं काम करत राहिले. मला एका शब्दानं टोचलं नाही. मी त्यांच्याकडे पाठ करून बसायची.

तिसऱ्या दिवशी ते आले नाहीत. दुपारी शेठचा फोन आला, सरांनी स्पीकरवर घेतला. तुमचा म्हातारा इथे येऊन सांगून गेला म्हणे, की प्रोग्रामच खोटा होता आणि फाइल त्यानंच गुपचूप बदलली. शेठचा विश्वास बसला नव्हता. "दयाळू माणूस आहे, गरिबाले वाचवाले खोटं बोलून राह्यला," असं म्हणून ते हसले. त्यांनी दुसरा माणूस आधीच ठेवला होता. सर मात्र भडकले. आपल्याच मालाला गिऱ्हाइकाच्या तोंडावर खोटं म्हणतो म्हणजे काय!

संध्याकाळी भाई आले, सरांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. भाई एकदाही माझ्याकडे वळले नाहीत. मी चार फुटांवर होते. त्यांनी कॉम्प्युटरवर नेहमीचं कापड घातलं, वही घेतली, भिंग खिशात ठेवलं. जाताना म्हणाले, "येतो, बाई." पुढच्या आठवड्यात सरांनी त्यांची खिडकीजवळची जागा मला दिली. मी बसले तिथे. हो, बसले. हवा छान यायची.

नंतर भाईंनी मोबाइल दुरुस्तीची टपरी टाकली. तीन वर्षं मी त्या रस्त्यानं गेले नाही, जावंच लागलं तर पलीकडच्या बाजूनं. एक-दोनदा त्यांनी पाहिलं आणि हात वर केला. मी न पाहिल्यासारखं केलं. मग माझं लग्न झालं, नागपूरला आले, तिथे मोठ्या कंपनीत लागले. भाई गेल्याचं सरांकडून फोनवर कळलं. त्यांच्या घरी जायला हवं होतं. गेले नाही. त्यांच्या बायकोसमोर कोणतं तोंड घेऊन बसणार होते?

पण त्यानंतर झोप लागेना, जेवण जाईना. नवऱ्याला वाटलं मला काही आजार झाला. शेवटी एक दिवस नागभीडची गाडी पकडली. निदान श्रावणभाऊंना तरी खरं सांगावं.

विचारत विचारत घर सापडलं. श्रावणभाऊ पार वाळले होते. झोपणारा माणूस म्हणून नाव झालं, मग कोणत्याच गिरणीनं उभं केलं नाही, आता दुसऱ्याच्या शेतात जातात. त्यांनी मला ओळखलं. खाट टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही झोपला नव्हता. मला माहीत आहे. प्रोग्राम चुकीचा होता."

"ते मले मालूम आहे ना," ते म्हणाले. "तो घडीवाला भाई सांगून गेला. म्हने चूक माझी, फाइल मीच बदलली, मले माफ करा."

"इथे आले होते?"

"तीनदा आला. पह्यल्या वेळेस मी अंगावर धावून गेल्तो, शेजाऱ्यायनं धरलं. दुसऱ्यांदा उन्हात उभा ठेवला, पानी नाई पाजलं. बायको देऊन राह्यली होती, मीच तिले अडवलं." सांगताना त्यांच्या आवाजात समाधान होतं. "तिसऱ्यांदा आला तं सगळ्या गावासमोर त्याच्या पायापाशी थुकलो. म्हन्लं, माझ्या लेकराईच्या तोंडचा घास काढला तुनं, माफी कायची मांगते? गेला मंग खाली मान घालून. बराबर केलं का नाई?"

त्यांची बायको चुलीकडे वळून जाळ सारू लागली.

मी म्हटलं, "भाऊ, फाइल भाईंनी बदलली नव्हती. मी बदलली. प्रोग्रामही माझा होता. भाईंची काहीच चूक नव्हती."

ते पुढे वाकले.

"म्हंजे त्यानं काईच नोतं केलं?"

"नाही."

"मंग त्यानं काऊन म्हन्लं?"

ते खाटेवरून उठले, आत गेले, परत आले. "कुठी राह्यते तो? मले पत्ता द्या. उद्या सकायच्या गाडीनं जातो मी. त्याचे पाय धरतो."

"भाऊ, ते वारले. गेल्या वर्षी."

श्रावणभाऊ खाली जमिनीवरच बसले. बायको चहाचा कप घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. ते म्हणाले, "अन तुमी आता येऊन राह्यल्या?"

मी गाडीची वेळ झाली म्हणून उठले. गाडीला अजून दीड तास होता.